सोंडेला पीळ का पडतो?

ताई, नमस्कार.

मी पेणचा. आमचा गणपतीच्या मूर्तींचा कारखाना आहे, आजोबांच्या वेळेपासूनचा. शाडूत हात चालतो, पण गेली दीड वर्षं रात्री ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये स्कल्प्टिंग, म्हणजे संगणकावर मूर्ती घडवणं, शिकतोय. एका छोट्या स्टुडिओने मोबाइलच्या अ‍ॅपसाठी माझ्याकडे बसलेला गणपती मागितलाय. डावीकडे वळलेली सोंड हलली पाहिजे, कान हलले पाहिजेत, पापण्या मिटल्या पाहिजेत आणि सगळं मिळून १५,००० ट्रायंगलच्या आत बसलं पाहिजे. मूर्ती झाली. बाबांनाही आवडली, आणि ते सहसा काही बोलत नाहीत. पण रिटोपोलॉजीत, म्हणजे घडवलेल्या मूर्तीवर नवी, हलकी जाळी बसवण्यात, पार अडकलोय.

क्वाड्रिफ्लो (ब्लेंडरमधलं आपोआप जाळी विणणारं साधन) चालवलं की सूचना येते, मेश म्हणजे जाळी मॅनिफोल्ड हवी आणि नॉर्मल, म्हणजे पृष्ठभागाच्या बाहेरच्या दिशा, एकसारखे हवेत. कुणी सांगितलं व्हॉक्सेल रीमेश कर. केलं, तर मूर्तीचा गोळा झाला. व्हॉक्सेल बारीक केल्यावर गोळा गेला, पण सोंडेचं टोक पोटाला चिकटलं आणि बोटं एकमेकांत मिसळली. मग एकदाचं क्वाड्रिफ्लो चाललं, तर सोंडेवरच्या रेघा स्क्रूच्या आट्यांसारख्या फिरत गेल्या आणि मुकुटाचा भुगा झाला. सिमेट्री चालू केली तर दोन सोंडा आल्या. नवी जाळी मूर्तीला चिकटवायला श्रिंकरॅप लावलं तर कानाची पुढची बाजू मागून बाहेर आली.

मित्र म्हणतो झेडब्रश हे दुसरं सॉफ्टवेअर घे, तिथे एका बटणात होतं. बाबा म्हणतात हाताने कर. याच मूर्तीची नऊ इंची प्रिंट काढून साचा करायचाही विचार आहे. माझं चुकतंय कुठे?

– अडकलेला मूर्तिकार

*

अरे मूर्तिकारा,

दोन सोंडांवर मी मोठ्याने हसले, त्याबद्दल आधी माफी. हसण्याचं कारण असं की माझ्या एका हत्तीला याच बटणाने एकदा एकही सोंड ठेवली नव्हती. ते कसं होतं ते पुढे सांगते.

तुझ्या पत्रात मी मोजले तर सात बिघाड आहेत, पण रिटोपोलॉजीचा खरा बिघाड त्यांतला एकच: सोंडेचा पीळ. बाकीचे एकतर त्याच्या आधीच्या टप्प्यावर झालेत, किंवा जिथे यंत्राला विचारायलाच नको होतं तिथे विचारल्यामुळे झालेत.

आधी प्रिंटचा विषय संपवते, कारण तो लवकर संपतो. साच्यासाठी प्रिंट काढायची असेल तर रिटोपोलॉजी करूच नकोस. प्रिंटला एसटीएल फाइल जाते आणि एसटीएलमध्ये फक्त त्रिकोण असतात. तू रात्र जागून बसवलेला एकेक चौकोन निर्यात होताना दोन त्रिकोणांत फुटणार. प्रिंटला हवी असते ती सगळीकडून बंद, आत फालतू भिंती नसलेली मेश. बारीक व्हॉक्सेल रीमेश केलेली मूळ मूर्ती घे, फारच जड झाली असेल तर डेसिमेट मॉडिफायरने हलकी कर आणि पाठव. एक सांभाळ: एसटीएलमध्ये माप असतं, एकक नसतं. ब्लेंडर मीटरमध्ये ०.२२८६ लिहितो, प्रिंटरसाठी फाइल तयार करणारा स्लायसर ते मिलिमीटर समजतो आणि प्रिंटरच्या पाटावर तांदळाच्या दाण्याहून लहान गणपती येतो. निर्यात करताना स्केल १००० ठेव. मूर्तीचा कुठला भाग साच्यात अडकेल, जोडरेघ कुठून न्यायची, हे मला विचारू नकोस. ते तुझ्या घरात बसलेल्या माणसाला माझ्यापेक्षा फार चांगलं कळतं.

म्हणजे आजपासून दोन फायली. एक साच्याची, एक अ‍ॅपची. आता फक्त अ‍ॅपची बोलू.

गोळा का झाला हे तुझ्या नऊ इंचांनीच सांगून टाकलं. तू मूर्ती खऱ्या मापात केलीस, चांगली सवय. पण ब्लेंडरमध्ये व्हॉक्सेलचं सुरुवातीचं माप ०.१ मीटर असतं, म्हणजे दहा सेंटिमीटर. तुझी मूर्ती जेमतेम तेवीस सेंटिमीटर उंच. पायापासून मुकुटापर्यंत सव्वादोन ठोकळे! त्यात गोळा झाला नसता तरच नवल. पुढे तू माप बारीक केलंस, पण बहुतेक एक मिलिमीटरच्या आसपास थांबलास, आणि नऊ इंची मूर्तीत दोन बोटांमधली फट साधारण तेवढीच असते. व्हॉक्सेल रीमेश अख्ख्या आकाराचे बारीक ठोकळे पाडतं आणि त्यांच्यावरून नवं कातडं ओढतं. फट ठोकळ्याएवढी किंवा त्याहून अरुंद असली की त्याच्या लेखी ती फट नसतेच. सोंडेचं टोक पोटाला चिकटलं तेही याच हिशेबाने.

यावर सगळे सांगतील, व्हॉक्सेल अजून बारीक कर. कर हवं तर, पण माप निम्मं केलं की पृष्ठभागावरचे चौकोन साधारण चौपट होतात, आणि चार बोटांसाठी सगळ्या मूर्तीचं वजन चौपट करणं मला पटत नाही. त्यापेक्षा चिकटण्याआधीची फाइल उघड. असेल ना? नसेल तर आजपासून प्रत्येक रीमेशच्या आधी नवा आकडा लावून फाइल ठेवायची शपथ घे. त्या फाइलमध्ये मास्क लावून पोझ ब्रशने बोटं जरा फाकव आणि सोंडेचं टोक पोटापासून बोटभर लांब ने. आता रीमेश कर. बोटं मिटवायची आणि सोंड पोटावर टेकवायची ती अगदी शेवटी, हाडं (मॉडेल हलवणारा आतला सांगाडा) बसवल्यावर. हलणारं मॉडेल नेहमी सैल, मोकळं अंग ठेवूनच करतात. माणसांची मॉडेलं हात पसरून उभी असतात ना, ती याचसाठी. गणपती मांडी घालून बसलेला हवा म्हणून तू तो थेट बसवलेलाच घडवलास, कारण शाडूत तसंच करतात. तिथून पुढचे निम्मे त्रास सुरू झाले.

अजून एक. ऑब्जेक्ट मोडमध्ये एन दाबून स्केलचे आकडे बघ. तिन्ही १.००० नसतील तर कंट्रोल + ए, स्केल. व्हॉक्सेलचं माप ब्लेंडर वस्तूच्या स्वतःच्या स्केलमध्ये मोजतो. मूर्ती ओढून लहानमोठी केली असेल तर तू एक आकडा भरतोस आणि त्याला कळतो वेगळाच.

आता ती सूचना. 'मॅनिफोल्ड' या शब्दाला लोक उगाच घाबरतात. शाडूच्या पातळ पाटीची कल्पना कर. प्रत्येक कडेला फार तर दोन पाट्या जोडलेल्या असाव्यात आणि सगळ्यांची चांगली बाजू बाहेर असावी, एवढंच मागणं आहे. एका कडेला तीन पाट्या आल्या की आतलं कुठलं आणि बाहेरचं कुठलं हेच ठरत नाही.

गंमत अशी की मूर्तीच्या तळाला उघडं भोक असलं म्हणून क्वाड्रिफ्लो सहसा रडत नाही. उघडी किनार त्याला चालते, ती जपायचा पर्यायही आहे. लोक मात्र तळ बुजवत बसतात आणि सूचना येतच राहते. खरे चोर शोधायचे असे: एडिट मोडमध्ये जा, निवड व्हर्टेक्सची, म्हणजे बिंदूची, किंवा एजची, म्हणजे कडेची, ठेव (फेसची, म्हणजे पाटीची, ठेवलीस तर ही आज्ञा चालत नाही), मग सिलेक्ट मेनू, त्यात सिलेक्ट ऑल बाय ट्रेट, त्यात नॉन मॅनिफोल्ड. खाली डाव्या कोपऱ्यात एक चौकट उघडते. तीत 'बाउंडरीज'ची खूण काढून टाक, म्हणजे निरुपद्रवी किनारी गळतील. 'मल्टिपल फेसेस'मध्ये जे उरतं ते तीन पाट्यांच्या कडा. 'नॉन कंटिग्युअस'मध्ये जे उरतं ते उलटे लागलेले फेस. 'वायर' म्हणजे कुठल्याच फेसला न जोडलेल्या, लोंबत राहिलेल्या कडा.

तुझ्या बाबतीत मी पैज लावते की तीन पाट्यांच्या कडा नाकाच्या बरोबर मधल्या रेषेवर सापडतील. तू डोकं मिरर मॉडिफायरने केलंस का? अर्ध्या बाजूवर एक्स्ट्रूड करताना (पृष्ठभाग बाहेर ओढताना) मधल्या चिरेवर एक भिंत तयार होते. ती आत असल्यामुळे दिसत नाही आणि मॉडिफायर अप्लाय केला की कायमची आतच राहते. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका घोड्याच्या मानेत मी अशी भिंत घेऊन तीन दिवस फिरले होते. नॉर्मल उलटे-सुलटे केले, ब्लेंडर काढून परत टाकला, शेवटी कॅमेरा चुकून मानेच्या आत गेला तेव्हा ती दिसली. शोधायची सोपी युक्ती म्हणजे ऑल्ट + झेडने एक्स-रे लावून आत डोकावणं. भिंत दिसली की तिचे फेस निवडून उडव.

उलटे फेस बघायला वरच्या ओव्हरलेमधून फेस ओरिएंटेशन लाव. लाल म्हणजे आतली बाजू. लाल दिसलं तर एडिट मोडमध्ये सगळं निवडून शिफ्ट + एन. पण आतली भिंत काढायच्या आधी हे करू नकोस. भिंत असेपर्यंत ब्लेंडरलाच आत-बाहेर कळत नाही, मग तो अंदाजे काहीतरी उलटवतो आणि तुला वाटतं बटण बिघडलं.

एवढं करूनही सूचना आली तर कारण फार आखूड कडा असतील. जवळजवळ शून्य लांबीच्या कडा क्वाड्रिफ्लोला चालत नाहीत आणि नऊ इंची मूर्तीत डायनटोपोने (ब्रश फिरेल तिथे जाळी नव्याने पाडणाऱ्या सोयीने) बारीक काम केलं की अशा कडा ढिगाने तयार होतात. एम दाबून 'बाय डिस्टन्स'ने चिकटलेले बिंदू एक कर. तरी हटत नसेल तर मूर्तीची प्रत दहापट मोठी कर, स्केल अप्लाय कर आणि तिच्यावर चालव. नंतर परत लहान केलीस की झालं. आणि कधी 'मल्टिरेस असताना रीमेश होणार नाही' असं काही दिसलं तर घाबरू नकोस. मल्टिरेस म्हणजे जाळी पायरीपायरीने बारीक करणारा मॉडिफायर. प्रत घे, प्रतीवर तो अप्लाय कर. मूळ फाइलला हात लावायचा नाही.

मशीन गोठल्याचं तू लिहिलं नाहीस, पण पुढे होईल. तीस-चाळीस लाख फेसची मूर्ती क्वाड्रिफ्लोसमोर टाकलीस तर चहा पिऊन आलास तरी ते तिथेच असेल. आधी डेसिमेटने दोन-तीन लाखांवर आण. नव्या जाळीला कातड्यावरच्या सुरकुत्या लागत नाहीत, घडण लागते.

आता सोंड. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण सगळ्यात चांगला प्रश्न तोच आहे.

क्वाड्रिफ्लो ही २०१८ साली प्रसिद्ध झालेली पद्धत आहे आणि ती २०१५ च्या इन्स्टंट मेशेस नावाच्या पद्धतीवर उभी आहे. दोन्हींचा विचार साधारण एकच. आधी पृष्ठभागावर सगळीकडे दिशा ठरवायच्या, शेत नांगरायच्या आधी तास कुठून कुठे जाणार ते ठरवतात तसं. मग त्या दिशांना धरून चौकोन बसवायचे. जिथे अंगाला ठसठशीत वळण आहे, कड आहे, घडी आहे, तिथे दिशा आपोआप सापडते. तुझी सोंड मात्र गुळगुळीत, निमुळती आणि वर वळलेली. मुळाशी घेर मोठा, टोकाला लहान. मुळाशी घेरात चौदा चौकोन बसत असतील तर टोकाला सहाच. मधले आठ कुठेतरी गिळावे लागतात. ते गिळताना, आणि दिशा जराशी कलली तरी, आडवी रेघ एक फेरी मारून स्वतःला भेटत नाही. ती एक घर वर चढते, मग दुसरी फेरी, मग तिसरी. गोल जिना तयार होतो. बघताना वाईट दिसत नाही, म्हणून लोक तसंच पुढे नेतात. हाडं लावून सोंड वाकवली की मग ती ओलं फडकं पिळल्यासारखी पिळवटते.

तपासायचं कसं? एडिट मोडमध्ये सोंडेच्या आडव्या कडेवर ऑल्ट धरून क्लिक कर. निवड एक कडं पूर्ण करून थांबली तर ठीक. रंग सोंडभर चढत गेला तर जिना आहे. तो दुरुस्त करत बसू नकोस. सोंड कापून टाक.

आणि नवी हाताने कर. हो, बाबा म्हणाले तसंच. मूर्तीवर स्नॅपिंग 'फेस'ला लाव, ओव्हरलेमधलं रिटोपोलॉजी चालू कर म्हणजे नवी जाळी मूळ अंगात बुडून दिसेनाशी होणार नाही. बारा बिंदूंचं एक कडं सोंडेच्या मुळाशी बसव. मग एक्स्ट्रूड, जरा फिरव, जरा लहान कर, पुढे. बाराच बिंदू शेवटपर्यंत ठेव. टोकाला चौकोन अरुंद होतील, होऊ देत. गिळायची भानगडच नको. कडी कुठे घ्यायची हे हत्तीनेच ठरवून दिलंय: सोंडेवर आडव्या वळ्या जिथे पडतात तिथे. मुळाशी आणि टोकाच्या वळणावर दाट, मधे विरळ. प्रत्येक कडं सोंडेच्या त्या जागच्या दिशेला काटकोनात हवं. कलतं कडं वाकताना घसरतं. मुळाच्या कड्यापुढे सव्वीस कडी घेतलीस तर बारा गुणिले सव्वीस, ३१२ चौकोन. हात बसला की पाऊण तासाचं काम. यंत्राशी तू जितक्या रात्री भांडलास त्यांच्यापुढे काहीच नाही.

मोजमापाचं निघालंच आहे तर हेही. स्टुडिओने १५,००० ट्रायंगल म्हटलंय. क्वाड्रिफ्लोमध्ये जो आकडा भरतोस तो चौकोनांचा. तुझी मर्यादा ७,५०० चौकोन, १५,००० नाही. मी असे वाटले असते: सोंड ३१२, दोन कान मिळून ३००, चेहरा १,२००, चार हात १,४००, धड आणि मांड्या १,५००, मुकुट ८००. झाले ५,५१२. उरलेल्या दोनेक हजारांत पाट, मोदक, बाजूबंद, शेला आणि उंदीर. उंदराला विसरलास तर स्टुडिओ नाही, पण घरचे बोलतील.

आता पोलविषयी, कारण पुढचं पत्र तू त्यावर लिहिणार हे मला दिसतंय. चौकोनी जाळीत बहुतेक बिंदूंना चार कडा मिळतात. जिथे तीन किंवा पाच मिळतात तो पोल. नवी मुलं पोल दिसला की तो पुसायला धावतात, तो दुसरीकडे निघतो, मग तिकडे धावतात. सगळे पुसणं शक्यच नाही, आणि याला हिशेब आहे. सगळीकडून बंद, आरपार भोक नसलेली चौकोनी जाळी घे. तिच्यात तीन आणि पाच सोडून दुसरे पोल नसतील, तर तीनवाले पाचवाल्यांपेक्षा बरोबर आठाने जास्त असतात. नेहमी. साध्या ठोकळ्याचे कोपरे मोज, आठ. आणि मूर्तीत आरपार जाणारं एकेक भोक वाढलं की ही बेरीज आठ-आठने खाली जाते. सोंडेचं टोक पोटाला चिकटलं तेव्हा सोंड आणि पोट यांच्यामध्ये नेमकं असं एक भोक तयार झालं. ती बेरीज भरायला यंत्राला पाचवाले पोल कुठेतरी घालावेच लागले. कुठे घातले असतील? चिकटलेल्या जागेभोवती, म्हणजे सोंड हलताना सगळ्यात जास्त ताण येतो तिथे. चिकटलेली बोटं, कंबरेला टेकलेला हात, प्रत्येकाने असाच आपला वाटा मागितला. म्हणून म्हटलं की चूक आधीच्या टप्प्यावर आहे. पोल कुठे ठेवायचे एवढंच आपल्या हातात. गालाच्या उंचवट्यावर, मांडीच्या बाजूला, मुकुटाखाली लपवून ठेव. पापणीच्या कडेवर आणि सोंडेच्या मुळाशी नको.

पापण्या मिटायच्या असतील तर डोळ्याभोवती एकात एक कडी लागतात, निदान तीन. तुमच्याकडे डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी होते, सगळा रंग लागल्यावर, आणि ती करणारा हात वेगळा असतो. इथे उलट. पहिलं कडं डोळ्याचं घाल, मग त्याच्याभोवती चेहरा विणत जा. चेहऱ्याची एकच बाजू कर, मिररवर. दुसरी बाजू फुकट मिळते.

मात्र ही मिरर सोंडेच्या मुळापर्यंतच. दोन सोंडांचं कोडं हेच. क्वाड्रिफ्लोची सिमेट्री मूर्ती मधोमध कापते, एक बाजू ठेवते आणि तिचीच प्रतिमा दुसरीकडे लावते. तुझी सोंड डावीकडे वळलेली. ठेवलेल्या बाजूला सोंड असेल तर दोन होतात, नसेल तर एकही राहत नाही. शिवाय एक दात मोडलेला, एका हातात मोदक, दुसरा आशीर्वादाचा. गणपतीइतकं सिमेट्रीच्या विरुद्ध दैवत शोधून सापडायचं नाही. चेहरा आणि कान मिररने कर, मग मॉडिफायर अप्लाय कर, मग सोंड आणि दात जोड. अप्लाय करण्याआधी मधली चीर तपास, आत भिंत नको. घोड्याची आठवण ठेव.

कानाचं सांगायचं तर श्रिंकरॅपचा दोष नाही. 'निअरेस्ट सरफेस पॉइंट'वर ठेवलं की प्रत्येक बिंदू त्याला सगळ्यात जवळचा पृष्ठभाग धरतो. कान एवढा पातळ की पुढच्या बिंदूला कधी मागचा पृष्ठभाग जवळचा वाटतो. कानाची फक्त पुढची बाजू एकेरी पाकळीसारखी विण, ती मूर्तीवर नीट बसव आणि जाडी नंतर सॉलिडिफायने दे. मागची बाजू अ‍ॅपमध्ये कुणी फारशी बघणारही नाही.

मुकुट. मोती, खडे, वेल, झुपके, हे सगळं ८०० चौकोनांत घडवायचा प्रयत्न करशील तर परत भुगाच होईल. साधी, स्वच्छ मुकुटाची टोपी हाताने कर, तिचं यूव्ही (सपाट उलगडलेला नकाशा) काढ आणि मूळ मुकुटावरची नक्षी नॉर्मल मॅपमध्ये, म्हणजे उंचसखलपणाचा भास देणाऱ्या चित्रात, बेक कर, म्हणजे उतरव. रेंडर इंजिन सायकल्स ठेव, आधी जड मुकुट निवड, मग शिफ्ट धरून हलका, आणि 'सिलेक्टेड टू अ‍ॅक्टिव्ह'ची खूण कर. बेकमध्ये काळे डाग आले तर एक्स्ट्रुजन थोडं वाढव. हिऱ्यांचं काम तुमच्याकडे मूर्तीवर वरून चिकटवतात ना? तसंच. अंगात घडवायचं नाही, वरून चढवायचं. जानवं आणि बाजूबंद वेगळ्या वस्तू म्हणून ठेव, अंगात मिसळू नकोस.

मित्राच्या झेडब्रशबद्दल. मी ते रोज वापरते आणि त्यातलं झेडरीमेशर खरंच उत्तम आहे. २०१३ साली आलं तेव्हा आमच्या खोलीत लोक टाळ्या वाजवायचे बाकी होते. पण एका बटणात होतं हे मित्राने दुसऱ्याचं बघून सांगितलंय. तिथेही नुसतं बटण दाबलं की गुळगुळीत सोंडेवर असाच जिना चढू शकतो. मग मार्गदर्शक रेघा काढाव्या लागतात, सोंड आणि कान वेगळ्या पॉलिग्रुपमध्ये टाकावे लागतात, गट जपायचा पर्याय लावावा लागतो. म्हणजे कडी कुठे हवीत हे तुलाच सांगावं लागतं. या एका कामासाठी पैसे घालू नकोस. स्टुडिओचे पैसे आले आणि पुढची कामं दिसू लागली की मग बघू.

स्वयंचलित रिटोपोलॉजी मी वापरतच नाही असं समजू नकोस. धड, मांड्या, पाट, मोदक, जे हलत नाही किंवा फारसं वाकत नाही, ते सगळं मी क्वाड्रिफ्लोला देऊन टाकते. डोळे, सोंड आणि खांदे मात्र मी हाताने करते.

आज रात्री फक्त सोंड कर. पुढच्या पत्रासोबत वायरफ्रेमचे दोन फोटो पाठव, एक समोरून आणि एक डावीकडून, सोंड वळलीय त्या बाजूने. आणि खांद्याशी दोन हात फुटतात तिथला एक जवळून काढ. एका खांद्याला दोन दंड म्हणजे काय प्रकरण असतं ते तुला अजून कळलेलं नाही.

– तुझी ताई